वऱ्हाडीचे लिप्यंकन : यंत्राची मदत आणि यंत्राची दुरुस्ती

बोलीच्या अभ्यासात ध्वनिमुद्रण ही सामग्री होय. लिप्यंकन, म्हणजे ऐकलेले बोलणे लिपिबद्ध करणे, हा त्या सामग्रीविषयीचा पहिला निर्णय होय. अंकीय तंत्रामुळे हा निर्णय कोण घेतो, यातच पालट झाला आहे. त्याचा विचार येथे मोर्शी परिसरातील वऱ्हाडीच्या आधारे करावयाचा आहे.

ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वऱ्हाडीचे नमुने लेखी स्वरूपात आहेत. त्यांमागील उच्चार आज पडताळून पाहता येत नाही. पुढे फितीवरील मुद्रणाने ती सोय केली. परंतु एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकावयाचे तर फीत मागेपुढे करावी लागे आणि ती झिजत जाई. अंकीय मुद्रणात ध्वनी संख्यारूपाने साठविला जातो. सेकंदास ४४,१०० वेळा मोजलेल्या, १६ बिटांच्या, एकपदरी मुद्रणास तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागते. ते कितीही वेळा ऐकले तरी झिजत नाही. ‘प्राट’ ही आज्ञावली ध्वनीचे चित्र दाखविते. नेदरलँड्समधील माक्स प्लांक संस्थेत तयार झालेली ‘एलान’ प्रत्येक लिखित वाक्य मुद्रणातील नेमक्या क्षणाशी जोडते. त्यामुळे लिप्यंकन हे कोणासही तपासता येण्याजोगे झाले. हा लाभ लहान नव्हे.

यापुढील पायरी म्हणजे यंत्राने स्वतःच लिप्यंकन करणे. २०२२ मध्ये उपलब्ध झालेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली मराठीसह अनेक भाषांसाठी वापरता येते. अशा प्रणाली शिकताना पाहिलेल्या मजकुरावरून सर्वांत संभाव्य शब्द निवडतात. आणि मराठीत असा मजकूर मुख्यतः प्रमाणभाषेचा असतो. अडचण येथूनच सुरू होते.

वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, हे सर्वश्रुत आहे. मोर्शीकडील संत्र्याच्या बागेत ओलिताविषयी बोलताना कोणी ‘उद्या माही पायी हाय’ असे म्हणाला, तर त्याला पाण्याची ‘पाळी’ अभिप्रेत असते. यंत्राने ‘पायी’ लिहिले, तर ध्वनी राहतो पण वाचक चालत जाण्याचा अर्थ घेण्याचा संभव असतो. ‘पाळी’ लिहिले, तर अर्थ राहतो पण उच्चार लोपतो. ‘धरनातला गाय काढला’ यात क्रियापदाच्या लिंगावरून ‘गाळ’ हा अर्थ स्थानिक श्रोत्यास तत्काळ कळतो. ‘मले’चे ‘मला’ झाले, तर मात्र वाचकास चुकीची शंकाही येत नाही. माणसाची चूक पुष्कळदा ओबडधोबड असते व म्हणून सापडते. यंत्राची चूक शुद्ध मराठीत लिहिलेली असते.

याचा परिणाम केवळ शब्दापुरता नाही. एकच व्यक्ती घरी ‘शाया’ आणि कचेरीत ‘शाळा’ म्हणू शकते. हे अंतर मोजणे हाच बोली-अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे. यंत्राने सर्वत्र ‘शाळा’ लिहिले, तर तरुण पिढीने वऱ्हाडी उच्चार सोडला, असा निष्कर्ष निघेल, आणि आकडे त्यास दुजोराही देतील. वस्तुतः तो उच्चार बोलणाऱ्याने सोडलेला नसून यंत्राने पुसलेला असेल.

यास्तव यंत्र त्याज्य ठरते काय? नाही. दीर्घ मुद्रणात विषय शोधणे, विरामांनुसार वाक्ये पाडणे, कच्चा मसुदा सिद्ध करणे, ही कामे त्याजकडे द्यावीत. मात्र ‘एलान’मध्ये दोन स्तर वेगळे ठेवावेत : एकात ऐकलेला उच्चार, दुसऱ्यात प्रमाण मराठीतील अर्थ. यंत्राच्या मसुद्यास प्रवेश दुसऱ्या स्तरातच असावा. पहिला स्तर वऱ्हाडी जाणणाऱ्या माणसाने मसुदा न पाहता लिहावा. शंकास्थळी बोलणाऱ्यासच विचारावे. मूळ मुद्रण संक्षेप न करता जपावे, कारण संक्षेपात ध्वनीचे काही सूक्ष्म अंश गळतात.

लिप्यंकनाचे श्रम कमी झाले, ही इष्टापत्तीच होय. परंतु वाचलेला वेळ अधिक ऐकण्यात खर्च झाला, तरच तिचा लाभ बोलीस मिळेल.