एकाच माणसाचे दोन रिपोर्ट वेगळे का?

सोमवारी उपाशीपोटी साखर १०४, बुधवारी दुसऱ्या लॅबमध्ये उपाशीपोटीच १३८. ‘डॉक्टर, यातला खरा रिपोर्ट कोणता?’ असा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते, की कुठले तरी एक मशीन बिघडलेले आहे. पॅथॉलॉजीच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर मी सांगतो, की मशीनवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

इटलीतील पाडुआ येथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने यावर एक अभ्यास केला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. चाळीस हजारांहून अधिक तपासण्यांमध्ये १८९ चुका सापडल्या. त्यांपैकी सुमारे ६८ टक्के चुका रक्त मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच झालेल्या होत्या. प्रत्यक्ष मशीनवरच्या अवघ्या १३ टक्के, आणि उरलेल्या रिपोर्ट लिहिण्या-पोहोचविण्यातल्या.

म्हणजे रक्त दंडातून निघून रिपोर्ट हातात पडेपर्यंतची सगळी वाट तपासावी लागते. साखरेचेच घ्या. रक्त बाटलीत काढले म्हणजे ते मेले असे आपण समजतो. तसे नाही. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या बाटलीत ठेवलेल्या रक्तातील साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते, आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यात अधिकच. गावाकडे सकाळी सातला काढलेले रक्त दुपारी बाराला लॅबमध्ये आले, तर १४० ची साखर १०५ च्या आसपास दिसू शकते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक साखर दोनदा आली की मधुमेह ठरतो. त्या गृहस्थाला मधुमेह आहे, पण कागद म्हणतो फारसे काही नाही. तो निर्धास्त होऊन घरी जातो आणि पुढे पायाची जखम बरी होईना तेव्हा परत येतो.

यासाठी राखाडी झाकणाची बाटली असते. तिच्यात फ्लोराइड असते. मात्र फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात, म्हणून तिलाही उन्हात हेलपाटे घालू देऊ नयेत. शंका राहिलीच तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी करावी. तिच्या नमुन्याला काही तासांच्या उशिराने फारसा फरक पडत नाही. पण अशक्तपणा किंवा सिकलसेल असेल तर तीही फसवते, हे विदर्भ-नंदुरबारकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पोटॅशियमची गोष्ट याच्या उलट आहे. ते तांबड्या पेशींच्या आत भरलेले असते, बाहेर अगदी थोडे. बारीक सुईने जोरात रक्त ओढले, मोटारसायकलच्या हँडलला लटकवलेल्या पिशवीत ते खडखडत आले, की पेशी फुटतात आणि साडेचारचे पोटॅशियम सहा होते. पोटॅशियम सहा म्हटल्यावर डॉक्टरांच्या पोटात गोळा येतो आणि पेशंटची रवानगी जिल्ह्याच्या ठिकाणी होते. जांभळ्या झाकणाच्या बाटलीतले रक्त लाल झाकणाच्या बाटलीत ओतले तरी हेच घडते, कारण जांभळ्या बाटलीतल्या औषधातच पोटॅशियम आहे. आणि गंमत अशी, की साखर टिकावी म्हणून रक्त बर्फात ठेवावे, तर वेगळे न केलेल्या रक्तातले पोटॅशियम वाढते. एका रोगावरचे औषध दुसऱ्याला बाधते म्हणतात, तसलाच हा प्रकार.

फुटलेले, कमी आलेले, नाव नसलेले नमुने परत पाठवायचे असतातच. आमच्याकडे त्यांची एक वही आहे. साधी शंभर पानी. तारीख, गाव, वेळ, रक्त कोणी काढले, काय बिघडले, इतकेच त्यात असते. महिनाअखेरीस आम्ही ती वाचतो. एकदा त्यात एकाच रस्त्यावरची गावे पुनःपुन्हा दिसू लागली, आणि तीही दुपारच्या खेपेची. नमुने आणणाऱ्या पोराला दोन शब्द सुनावून कोणीही मोकळा झाला असता. पण रागावल्याने रक्तपेशी फुटायच्या थांबत नाहीत. मग तिथल्या केंद्रावर रक्त फिरवून वेगळे करण्याचे छोटे यंत्र ठेवले, जेलच्या बाटल्या दिल्या, बाटल्या उभ्या राहतील असा डबा दिला. पुढचे दोन महिने पुन्हा वही पाहिली. फुटलेले नमुने कमी झाले, तेव्हाच तोच डबा बाकीच्या गावांना दिला. नाव नसलेल्या बाटल्या मात्र अजून येतात. त्यावर काम चालू आहे.

मशीनसाठी वेगळा पहारा असतो. अमेरिकेत टेलिफोनची सामग्री बनविणाऱ्या कारखान्यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली एक आलेख आखला. माल रोज थोडा इकडेतिकडे होणारच, पण खरा बिघाड कुठे सुरू झाला ते त्यावरून कळे. १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी तो रक्ततपासणीत आणला. किती यावे ते आधीच माहीत असलेला नमुना, ज्याला आम्ही कंट्रोल म्हणतो, पेशंटच्या आधी मशीनवर लावायचा आणि आलेला आकडा ठिपक्याने मांडायचा. ठिपका रेषांच्या आत असला म्हणजे झाले, असे नव्हे. लागोपाठ दहा ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले, तर सगळे आत असूनही काही तरी हळूहळू सरकते आहे असे समजायचे. रसायन जुने झाले असेल, दिवा मंद झाला असेल. चूक रिपोर्टात उतरण्यापूर्वीच ती पकडण्याची ही युक्ती मला फार आवडते.

शिवाय बाहेरची परीक्षा असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून आकडा न सांगता नमुने येतात. आपले उत्तर इतर लॅबच्या उत्तरांशी ताडून पाहिले जाते. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ हे मानक आहे आणि त्यानुसार एनएबीएल मान्यता देते. भिंतीवरची ती चौकट चांगलीच, पण माझे मत विचाराल तर मी चौकटीआधी नकाराची वही मागेन. जिथे एकही नमुना परत पाठवला जात नाही, तिथे मी रक्त देणार नाही.

तुमच्या हातात काय आहे? उपाशीपोटी म्हणजे निदान आठ तास. पाणी चालते, चहा नाही. रक्त देताना मूठ पुनःपुन्हा आवळू नका, त्यानेही पोटॅशियम वाढते. ‘तुम्ही पाटील ना?’ असे कोणी विचारले तर नुसती मान हलवू नका. आपले पूर्ण नाव स्वतः सांगा, आणि बाटलीवर ते तुमच्यासमोर लिहिले जाईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.