बोईसरच्या घरात रेसट्रॅक

बोईसर-चिल्हार रस्ता म्हणजे तारापूर एमआयडीसीच्या ट्रक-टँकरांची वाट. तिथे वेगाची हौस भागवणं जिवावर बेतणारं. खरे रेसट्रॅक दूर, ग्रेटर नोएडा, चेन्नई, कोइंबतूरला. घरात मात्र रेसिंग गेमसाठी पडदा आणि स्टिअरिंग पुरतं.

'असेटो कोर्सा'सारख्या गेममध्ये खरे ट्रॅक लेझरने मोजून उतरवलेले आहेत, डांबराच्या उंचसखलपणासकट. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, टायर तापतात, पकड सुटू लागते आणि स्टिअरिंगमधून हातांना ते जाणवतं. खरी गोडी इथेच आहे: चूक लगेच कळते, पुढच्या फेरीत सुधारता येते आणि हाडं शाबूत राहतात.

खऱ्या ट्रॅकवर हा सराव उपयोगी पडतो का? नक्कीच. कार्डिफमध्ये वाढलेला यान मार्डनबरो २०११ मध्ये 'ग्रॅन टुरिस्मो' या रेसिंग गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला. २०१३ मध्ये तो ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला.