एक वीत पुढे सरका

येत्या १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली त्या तारखेला पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रण-तंत्राची कृती जाहीर झाली, हा इतिहास दरवर्षी छापून येतो. यंदा तो राहू दे. दिवसाच्या तोंडावर लेन्सच्या जाहिराती सुरू झाल्यात, तिकडे बघू. माझ्या भाच्याने त्यातलीच एक पाठवून विचारलं, “मामा, माझी एफ १.८ विकून एफ १.४ घेऊ का? बॅकग्राउंड अजून ब्लर होईल.” मी विचारलं, “फोटो काढताना उभा कुठे राहतोस?” त्याला वाटलं, मामा पैसे वाचवायला बघतोय. बघतच होतो.

फोकस केलेल्या जागेच्या पुढचं-मागचं किती अंतर डोळ्यांना स्पष्ट वाटतं, ती डेप्थ ऑफ फील्ड. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, एफ २, समोरचा माणूस एक मीटरवर : स्पष्ट पट्टा साधारण साडेचार सेंटिमीटरचा. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करून एफ ४ केलं की तो दुप्पट, नऊ सेंटिमीटरच्या आसपास. आता अॅपर्चर एफ २ वरच ठेवा आणि माणसाला दोन मीटरवर न्या. पट्टा चौपट होतो, जवळजवळ एकोणीस सेंटिमीटर. अॅपर्चरचा आकडा सरळ गुणला जातो, अंतराचा वर्ग होतो. सगळी गोम या वर्गात आहे. भाच्याचा हिशोब मांडून पाहिला : दोन मीटरवरून एफ १.८ ऐवजी एफ १.४ वापरल्याने पट्टा जेवढा आक्रसतो, तेवढाच तो जुन्या लेन्सने पाऊण फूट, म्हणजे एक वीत पुढे सरकून आक्रसतो. चौकट थोडी घट्ट होते, एवढंच. फार जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं, हेही खरं. म्हणून तर पोर्ट्रेटवाले ८५ मिलिमीटर लावून जरा लांब उभे राहतात.

दुसरं अंतर माणूस आणि त्याच्या पाठीमागची भिंत यांच्यातलं. लग्नातला मुरलेला फोटोग्राफर नवरानवरीला भिंतीपासून चार पावलं पुढे बोलावतो ते उगाच नाही. पाठ भिंतीला टेकवून उभ्या असलेल्या जोडप्यामागची भिंत लाखाची लेन्सही फारशी पुसू शकत नाही.

मग फोनवरही एफ १.८ लिहिलेलं असताना मागचं सगळं स्वच्छ का येतं? कारण एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ १.८ म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटरचं भोक. फोनच्या सहा-सात मिलिमीटरच्या लेन्सवर जेमतेम साडेतीन. त्यामुळे पोर्ट्रेट मोड अंतराचा अंदाज बांधून धूसरपणा मागाहून रंगवतो आणि विस्कटलेल्या केसांपाशी फसतो. (या धूसरपणाच्या पोताला जपानीवरून ‘बोके’ म्हणतात. मराठी माणसाला पहिल्यांदा ऐकताना मांजरंच दिसतात, नाइलाज आहे.)

भोक मोठं करण्याची परिसीमा बघायची तर स्टॅन्ली कुब्रिकचा ‘बॅरी लिंडन’ (१९७५) बघावा. अठराव्या शतकातले प्रसंग त्याला मेणबत्त्यांच्याच उजेडात हवे होते. त्याने नासासाठी बनवलेल्या झाइसच्या ५० मिलिमीटर, एफ ०.७ लेन्स मिळवल्या आणि त्या बसाव्यात म्हणून कॅमेराच कापून-तासून घेतला. छायाचित्रणाचं ऑस्कर जॉन अॅल्कॉटला मिळालं. माझा नमस्कार मात्र फोकस सांभाळणाऱ्या डग्लस मिल्समला. दोन मीटरवरसुद्धा तिथे पाच-सहा सेंटिमीटरचाच पट्टा हाती होता. नट किंचित पुढे झुकला तरी चेहरा विरघळणार. मिल्समने कॅमेऱ्याशी काटकोनात एक व्हिडिओ कॅमेरा लावला. बाजूने पाहून नट किती पुढे-मागे हलला हे त्याला पडद्यावर मोजता येई. म्हणजे जगातल्या सर्वात उघड्या लेन्सपैकी एक हाताशी असताना सगळी मेहनत अंतर मोजण्यातच गेली. त्या प्रसंगांतली पात्रं इतकी जपून का हलतात, याचं अर्धं उत्तर मला तरी तिथेच सापडतं.

अगदी उलट टोकाला अॅन्सेल अॅडम्स आणि एडवर्ड वेस्टन. १९३२ साली कॅलिफोर्नियातल्या या मंडळींनी आपल्या गटाचं नावच ‘एफ ६४’ ठेवलं : पायाजवळच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं धारदार. त्यांचे कॅमेरे अवाढव्य होते म्हणून ते चाललं. आजच्या कॅमेऱ्यावर एफ २२ च्या पुढे गेलात तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्रच मऊ पडतं.

भाच्याने अखेर एफ १.४ घेतलीच. शिवाय मामाचा सल्लाही मानला आणि आजीच्या समोर साठ सेंटिमीटरवर जाऊन बसला. तिथे पट्टा उरतो सेंटिमीटरभर. फोटो आला : नथीचा एकेक मोती मोजून घ्यावा असा आणि दोन्ही डोळे धुक्यात. आजीने चष्मा लावून तो निरखला आणि म्हणाली, “नथ छान आलीय हो.”