जेवणाच्या टेबलावरील गुणसूत्रे

संशोधकाने घरसंसाराकडे पाठ फिरवून अहोरात्र प्रयोगशाळेतच राहिले पाहिजे, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. रक्ताच्या कर्करोगासंबंधीचा विसाव्या शतकातील एक मूलगामी शोध मात्र चार मुलांची आई असलेल्या, सुमारे वीस वर्षे अर्धवेळ काम केलेल्या एका डॉक्टरबाईंनी लावला.

या बाई म्हणजे शिकागोच्या जॅनेट राउली. त्यांनी वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी अर्ज केला तेव्हा पासष्टांच्या वर्गात स्त्रियांसाठी तीनच जागा होत्या व त्या भरलेल्या होत्या. नऊ महिने थांबून त्यांना प्रवेश मिळाला. १९४८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी विवाहबद्ध झाल्या. पुढे त्या आठवड्यातून तीन दिवस मतिमंद मुलांच्या चिकित्सालयात काम करीत. डाउन विकाराच्या मुळाशी एक जादा गुणसूत्र असते हे १९५९ मध्ये सिद्ध झाले आणि त्यांचे लक्ष गुणसूत्रांकडे वळले. पतीच्या अभ्यासरजेत ऑक्सफर्डला गेल्या असता त्यांनी ते तंत्र शिकून घेतले. १९६२ मध्ये परतल्यावर शिकागो विद्यापीठातील रक्तरोगतज्ज्ञ लिऑन जेकबसन यांच्याकडे त्यांनी मागणी केली ती एक सूक्ष्मदर्शक, छायाचित्रे धुण्यासाठी एक अंधारी खोली आणि मुले सांभाळणाऱ्या बाईचा पगार भागेल एवढ्या वेतनाची! जेकबसन यांनी ती मान्य केली. राउलीबाईंचे वय तेव्हा सदतीस होते. आपल्याकडील संशोधनवृत्तींच्या जाहिराती वाचणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा. स्त्रियांना वयात सवलत मिळते हे खरे. परंतु सवलत देणे वेगळे आणि अर्धवेळ कामाला पूर्ण मान देणे वेगळे.

पुढची दहा वर्षे वरवर पाहता निष्फळच गेली. रुग्णांच्या पेशींतील गुणसूत्रे न्याहाळायची, आणि ती एकमेकांसारखीच दिसत असल्याने हाती फारसे काही लागायचे नाही! गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटविणारी रंजनपद्धती आल्यावर प्रत्येकाची ओळख पटू लागली. छायाचित्रांतील गुणसूत्रे कात्रीने कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर जोड्या लावीत बसत. आईला कागदाच्या बाहुल्या खेळण्याचा पगार मिळतो, अशी मुले थट्टा करीत.

दीर्घकालीन मज्जाजन्य रक्तकर्करोगाच्या रुग्णांत एक गुणसूत्र आखूड असते, हे १९६० मध्ये फिलाडेल्फियातील नॉवेल आणि हंगरफर्ड यांनी दाखविले होते. तुटलेला तुकडा नष्ट झाला असावा, असा सर्वसाधारण समज होता. राउलीबाईंच्या टेबलावर दिसले ते निराळेच. बाविसावे गुणसूत्र जेवढे आखूड झाले होते, जवळजवळ तेवढेच नववे लांबले होते. तुकडा हरवला नव्हता, तो दुसऱ्या घरी गेला होता. १९७३ मध्ये हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी तीव्र रक्तकर्करोगात त्यांना आठव्या व एकविसाव्या गुणसूत्रांची अशीच अदलाबदल आढळली होती. तो निबंध एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने परत पाठविला होता. गुणसूत्रांतील बिघाड हा कर्करोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे, असे मानण्याचा तो काळ होता.

या अदलाबदलीमुळे दोन जनुके एकत्र जोडली जातात आणि त्यांपासून तयार होणारे विकृत प्रथिन पेशींना अनिर्बंध वाढावयास लावते, हे नंतर उलगडले. तेच प्रथिन नेमके रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि एके काळी काही वर्षांतच प्राण घेणारा हा रोग पुष्कळांच्या बाबतीत मधुमेहासारखा सांभाळता येण्याजोगा झाला. मात्र ती गोळी येथे आली तेव्हा मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याकाठी लाखाहून अधिक रुपये लागत; देशी कंपन्यांची गोळी त्याच्या सुमारे दशांश किमतीत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. शोध टेबलावर लागला, तरी तो रुग्णाच्या हाती पडण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

राउलीबाई वयाच्या ऐंशीनंतरही सायकलवरून प्रयोगशाळेत जात असत. डिसेंबर २०१३ मध्ये त्या वारल्या. ही गोळी सुरू करण्यापूर्वी रुग्णाची जी तपासणी होते, तिच्या अहवालात आजही त्याच दोन गुणसूत्रांचे क्रमांक लिहिलेले असतात : ९ आणि २२.