नव्याने बांधलेले एंजिन सुरू का होत नाही?

जुन्या मोटारीचे एंजिन पुरते खोलले जाते. सिलिंडर बोअर होतात, नव्या रिंगा, नवी बेअरिंगे आणि नवी गॅस्केटे पडतात, आणि कित्येक आठवड्यांनी ते पुन्हा गाडीत बसते. बॅटरीही नुकतीच चार्ज केलेली असते. तरीही किल्ली फिरविली की एंजिन नुसते फिरत राहते, मधूनच खोकल्यासारखा आवाज करते, कार्ब्युरेटरमधून एखादी ज्वाळा फेकते आणि गप्प होते. अशा वेळी पहिला संशय नव्या सुट्या भागांवर जातो, दुसरा बोअर करणाऱ्या कारखान्यावर. आणि एंजिन पुन्हा खोलावे, असा सल्लाही लगोलग मिळतो. बहुतेक वेळा हे सारेच व्यर्थ ठरते. खोलण्यापूर्वी जे एंजिन रडतखडत का होईना चालत होते आणि बांधल्यावर मुळीच चालत नाही, त्याचा दोष बहुधा भागांत नसून जुळणीत असतो. जुळणीतला दोष शोधण्यास फार हत्यारे लागत नाहीत. क्रमाने विचार करण्याची सवय मात्र लागते.

या क्रमाला महत्त्व आहे, कारण नव्या एंजिनाची पहिली काही मिनिटे फार मोलाची असतात. बांधताना कॅमवर आणि टॅपेटवर वंगणाचा जाड थर दिलेला असतो. सेल्फ मारमारून एंजिन उगाच फिरवीत राहिले, तर तो थर पुसला जातो आणि पंपाकडून तेलाचा पुरेसा दाब मिळण्याआधीच धातूवर धातू घासू लागतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खाली उतरून चेंबरमधले तेल पातळ करते. महिन्याभराची मेहनत आणि हजारो रुपयांचा खर्च अशा अर्ध्या तासाच्या अधीरतेने वाया जाऊ शकतो. म्हणून दोन-चार प्रयत्नांत एंजिनाने दाद दिली नाही, तर किल्ली काढून घ्यावी आणि तपासणीस लागावे.

पेट्रोल एंजिनाला चालण्यासाठी चारच गोष्टी हव्यात. हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, जोरकस ठिणगी, आणि ती ठिणगी पडण्याची अचूक वेळ. पहिल्या तीन गोष्टी सगळ्यांच्या ध्यानात येतात. घोटाळा बहुधा चौथीत असतो. जर्मन यंत्रज्ञ निकोलाउस ओटो याने १८७६ साली चार टप्प्यांचे एंजिन यशस्वी करून दाखविले. शोषण, दाब, ज्वलन आणि उत्सर्ग हा त्याचा क्रम आजच्या मोटारींतही तसाच आहे. हे चार टप्पे पुरे होण्यास क्रँक दोनदा फिरतो, कॅम मात्र एकदाच. डिस्ट्रिब्युटर कॅमच्या गतीने फिरत असल्याने त्याचाही एकच फेरा होतो. नव्याने बांधलेल्या एंजिनाच्या कितीतरी तक्रारींचे मूळ या दोनास एकच्या हिशोबात आहे.

उदाहरणासाठी ॲम्बॅसडर मोटार घ्यावी. उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण हौशी मालकांनी जपलेल्या अनेक गाड्या अजून नांदत आहेत. तिच्या १,४८९ घनसेंटिमीटरच्या एंजिनात पुढून मोजता एक, तीन, चार, दोन या क्रमाने सिलिंडर पेटतात. क्रँकच्या पुलीवर एक खूण असते. ती पुढच्या पत्र्यावरील खुणेशी जुळली की पहिला पिस्टन वरच्या टोकाला आला असे समजतात, आणि ते खरेही आहे. परंतु चार टप्प्यांत पिस्टन दोनदा वर येतो, एकदा दाबाच्या शेवटी आणि एकदा उत्सर्गाच्या शेवटी. खूण या दोहोंतला भेद सांगत नाही. दुसरी वेळ पहिली मानून टायमिंग बांधले, तर ठिणगी बरोबर एक फेरा चुकते. तेव्हा शोषणाचा व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो आणि ज्वाळा उलटी कार्ब्युरेटरकडे धावते. त्यालाच लोक ‘एंजिन उलटे मारते’ असे म्हणतात.

हा भेद ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, चारही प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबून धरावा आणि दुसऱ्या माणसाने एंजिन हाताने हळूहळू फिरवावे. आतली हवा अंगठ्याला जोराने रेटू लागली की तो दाबाचा टप्पा. तसेच पुढे फिरवून पुलीची खूण जुळवावी. आता डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली असता आतला रोटर पहिल्या प्लगच्या तारेकडे रोखलेला दिसला पाहिजे. तो नेमका विरुद्ध दिशेला असेल, तर दोष सापडला. या एंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या खालची खाच मध्यापासून किंचित सरकलेली असल्याने डिस्ट्रिब्युटर स्वतः उलटा बसत नाही. पण त्याला फिरविणारा दांडा कॅमच्या दात्यांत उलटा किंवा एखादा दाता पुढेमागे बसू शकतो. ताळा पाहायचा असेल तर हेडवरचे झाकण काढावे. पहिला पिस्टन दाबाच्या शेवटी असताना त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि चौथ्याचे दोन्ही नुकते हलू लागलेले असतात.

रोटर ठीक असेल तर तारा पाहाव्यात. या एंजिनाचा रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. तारा सुलट दिशेने लावल्या तर पहिली आणि चौथी बरोबर राहतात, परंतु दुसरी व तिसरी यांची अदलाबदल होते. मग एंजिन दोनच सिलिंडरांवर धडपडते, पण नीट चालत नाही.

त्यानंतर ठिणगीचे बळ तपासावे. नव्या पॉइंटांवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो पुसला नाही तर करंट अडतो. पॉइंटांतली फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. पॉइंटच्या स्प्रिंगखालचा छोटा इन्सुलेटर चुकून वरखाली झाला, तर सारा प्रवाह शरीरात उतरतो आणि ठिणगी मुळीच पडत नाही. आणखी एक ठरलेला विसर म्हणजे एंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. एंजिन रबरी पायांवर बसलेले असल्याने ती पट्टी राहून गेली की सेल्फचा प्रचंड प्रवाह चोकच्या तारेतून वाट काढतो. सेल्फ मरगळल्यासारखा फिरत असेल आणि चोकची तार तापत असेल, तर निदान आपोआपच झाले.

पेट्रोलची परीक्षा प्लगच करून देतो. काही प्रयत्नांनंतर काढलेला प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोचत नाही. रिकाम्या नळ्या आणि कार्ब्युरेटरची वाटी भरण्यास पंपाला वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे. शिवाय गाडी महिनोन् महिने उभी असेल तर टाकीतल्या पेट्रोलचा लवकर उडणारा अंश निघून गेलेला असतो आणि जेटमध्ये चिकटा धरतो. प्लग ओलाचिंब असेल, तर पेट्रोल जास्त होते आहे किंवा ठिणगी पडत नाही. तेव्हा चोक बंद करून, प्लग वाळवून पुन्हा पाहावे. पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडात ओतून सेल्फ मारण्याची प्रथा मात्र धोक्याची आहे. उलटलेल्या ज्वाळेने माणूसही भाजतो आणि गाडीही पेटते.

एवढे होऊनही यश आले नाही, तरच दाब मोजावा. सर्व प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, मापकाने चारही सिलिंडर पाहावेत. नव्या रिंगा बसावयाच्या असल्याने आकडे थोडे कमी येतील. पण चारही एकमेकांच्या जवळपास हवेत. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांकडे, न वाढला तर व्हॉल्व्हकडे. बहुधा टॅपेटची फट ठेवली नसल्याने व्हॉल्व्ह पुरा मिटत नसतो. शेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. चारही सारखेच फार कमी असतील, तर टायमिंग चेनच्या दोन चाकांवरील खुणा समोरासमोर आल्या होत्या की नाही, हे पाहावे लागते. तेथे मात्र पुढचे झाकण उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

या साऱ्या तपासणीत एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहावा. तारा, पॉइंट आणि कार्ब्युरेटर एकदम हलविले की जुना दोष लपतो आणि नवा जन्माला येतो. एंजिन सुरू झाले की प्रथम तेलाचा दाब पाहावा. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर ते मंद गतीवर न ठेवता सुमारे वीस मिनिटे मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास चालवावे. हे काम मोकळ्या जागी करावे; बंद गॅरेजमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता प्राण घेतो.

आताच्या मोटारींत डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर यांची जागा सेन्सर आणि इंजेक्टर यांनी घेतली आहे. तरीही मिश्रण, दाब, ठिणगी आणि वेळ ही चौकडी सुटलेली नाही; रोटरऐवजी क्रँकचा सेन्सर आणि तारेऐवजी न बसलेला प्लास्टिकचा जोड शोधावा लागतो, इतकेच. सोप्या आणि संभाव्य कारणापासून अवघड आणि विरळ कारणाकडे जावे, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते. पाना हाती घेण्यापूर्वी अंगठ्याने दाब पाहणाऱ्या मिस्त्रीला एंजिन दुसऱ्यांदा खोलण्याची पाळी क्वचितच येते.