वाय-फाय मंद चालतंय? नवा राउटर घेण्याआधी एवढं करून पाहा

पीकविम्याची मुदत संपत आली की ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रापुढे रांग लागते. नेमके तेव्हाच संगणकावर चक्र फिरत राहते आणि सारा दोष कोपऱ्यातल्या जुन्या राउटरवर येतो. ‘नवा घ्या’ असे कुणीही सांगेल. पण बंधूंनो, पाणी कमी आले म्हणून आपण लगेच नवी मोटर आणतो का? आधी विहिरीत पाणी आहे का, पाइप कुठे गळतो का, ते बघतो. इथेही तसेच करावे.

टीपी-लिंकच्या ८४१-एनसारख्या जुन्या राउटरवर एखाद्या जाणकार पोराने ओपनडब्ल्यूआरटी टाकून दिलेले असते. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीच्या मूळ फर्मवेअरऐवजी चालणारी मोफत प्रणाली. तिच्यात सेटिंग भरपूर असतात. त्यातली चार-पाच जरी नीट केली तरी फरक पडतो.

प्रथम संगणक वायरने राउटरला जोडून वेग मोजावा. वायरवरही वेग कमी असेल तर दोष लाइनचा किंवा राउटरच्या कमी ताकदीचा. मग वाय-फायशी खटपट करू नये. राउटर काढून लाइन थेट संगणकाला जोडली की दोघांपैकी कोण ते कळते. वायरवर वेग ठीक असेल तर पुढचे उपाय करावेत.

१) चॅनल : हे राउटर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतात. १, ६ आणि ११ हे चॅनल एकमेकांत घुसत नाहीत. मोबाइलवरच्या वाय-फाय अॅनालायझर अॅपने पाहून यातला मोकळा निवडावा.

२) रुंदी : ती २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ४० केली की कागदावर वेग वाढतो, पण दाट वस्तीत अडथळाच जास्त होतो.

३) सुरक्षा : डब्ल्यूपीए-२ आणि एईएस निवडावे. जुने टीकेआयपी ठेवले, तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही.

४) जागा : राउटर लोखंडी कपाटावर किंवा पत्र्याआड ठेवू नये. उंच, मोकळ्या जागी ठेवावा. नुसती पॉवर वाढवून भागत नाही. राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत पोचला, तरी मोबाइलचा क्षीण आवाज राउटरला ऐकू यायला हवा ना!

५) रांग : एकाने व्हिडिओ लावला की सगळ्यांचे काम अडते. यावर एसक्यूएम हा उपाय आहे. त्यात मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के आकडा भरावा. मात्र राउटरमध्ये त्यासाठी जागा हवी.

खोक्यावरच्या ३०० एमबीपीएसला भुलू नये. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा वेग मिळणेही कठीण. शिवाय वायरची भोकेच १०० एमबीपीएसची असतात.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावी. ८४१-एनच्या बहुतेक आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश व ३२ एमबी रॅम आहे. अशा यंत्रांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही शेवटची मालिका ठरली आणि तिच्या दुरुस्त्याही २०२२ मध्ये थांबल्या. म्हणजे नवी फट सापडली तर बुजवणारे कुणी नाही. घरी बातम्या-बाजारभाव पाहायला असा राउटर चालेल. पण जिथे गावाचे आधार क्रमांक आणि बँक खाती हाताळली जातात, तिथल्या ग्रामसेवकांनी व सरपंचांनी नव्या राउटरची तरतूद करावी. वेग सेटिंगने सुधारता येईल, पण सुरक्षितता सेटिंगने येत नाही.