मकबरा दाखवा, टीव्ही जुळवा!

रिमोट हातात आला की ‘पिक्चर सेटिंग्ज’मध्ये शिरून बटणं दाबत सुटायची खोड कुणाकुणाला आहे? हात वर करा! मग बातम्या देणाऱ्या ताईंचा चेहरा नारळाच्या शेंडीच्या रंगाचा झाला की घरभर आरडाओरडा ठरलेला. आज बोलणी न खाता टीव्ही जुळवू या.

त्यासाठी आपण स्वतः नीट पाहिलेली एखादी गोष्ट हवी. मी निवडलाय छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा. सतराव्या शतकात औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्यासाठी बांधलेला. लांबून सगळा पांढराशुभ्र दिसतो, पण जवळ जा. घुमट आणि भिंतींचा खालचा भाग संगमरवराचा, बाकीच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा. म्हणजे पांढरे दोन! टीव्हीवर ते वेगवेगळे दिसतात का, हीच आपली परीक्षा. उन्हात काढलेला मकबऱ्याचा एक छानसा फोटो टीव्हीवर लावा.

सगळ्यात आधी ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडला सुट्टी द्या. तो झगझगीत दुकानात शेजारच्या टीव्हीवर मात करायला असतो. घरी ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड बरा.

आता कॉन्ट्रास्ट. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड टीव्हीकडे आकड्यांत येतो. कार्यक्रमांमध्ये साधारणपणे 16 म्हणजे काळाकुट्ट आणि 235 म्हणजे पांढराफटक. कॉन्ट्रास्ट वाढवला की उजळ ठिपके आणखी वर ढकलले जातात. पण टीव्हीच्या उजेडाला छत असतं ना! समजा संगमरवर 230 आणि गिलावा 220. फार ढकललंत तर दोघंही छताला चिकटणार आणि सारखेच दिसणार. घुमटावरची नक्षीही गायब! ती परत दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट कमी करा.

ब्राइटनेसचं काम जरा गमतीचं आहे. बऱ्याच टीव्हींवर तो मुख्यतः काळ्याची काळजी घेतो. कमानीच्या आतला अंधार बघा. ब्राइटनेस फार कमी केला तर 16, 20, 24 हे सगळे तळाला जाऊन बसतात आणि कमानीत नुसतं काळं भोक उरतं. फार वाढवला तर अंधार राखेसारखा करडा होतो. आतली नक्षी जेमतेम दिसू लागली की थांबा. (काही नव्या टीव्हींवर याला ‘ब्लॅक लेव्हल’ म्हणतात, आणि ब्राइटनेस फक्त मागचा दिवा कमी-जास्त करतो. तुमच्याकडे काय आहे ते करून बघा.)

मग शार्पनेस. मकबऱ्याचे चार मिनार निळ्या आकाशासमोर उभे आहेत. त्यांच्या कडेला पांढरी किनार दिसतेय? ती खरी नाही. कडा उठून दिसाव्यात म्हणून टीव्हीने ती स्वतःच काढलीय! किनार जाईपर्यंत शार्पनेस उतरवा.

आता रंग. 1982 मध्ये आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं. पुढे मकबऱ्याच्याच शहराजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉन कंपनीच्या कारखान्यात रंगीत टीव्ही बनू लागले. त्या काळी अमेरिकेतल्या टीव्हींना ‘टिंट’ नावाचं एक जास्तीचं बटण लागायचं. आपल्याला त्याची गरजच नव्हती. का बरं? रंगाची माहिती लहरींवरून यायची. वाटेत लहर जराशी पुढेमागे सरकली की चेहरे हिरवट नाहीतर जांभळट! जर्मनीतल्या वाल्टर ब्रुख यांनी यावर भन्नाट युक्ती काढली. चित्राच्या एकाआड एक ओळीत रंगाच्या माहितीचा एक भाग उलटा पाठवायचा. एका ओळीतला रंग हिरव्याकडे घसरला, तर पुढच्या ओळीतला जांभळ्याकडे घसरणार. दोघांची सरासरी काढली की चूक फिटली! या पद्धतीचं नाव ‘पाल’. नाही, भिंतीवरची नव्हे! भारताने हीच पद्धत घेतली.

आजच्या डिजिटल टीव्हीत लहरींची ती कटकट नाही, पण ‘कलर’ची पट्टी आहेच. मकबऱ्याच्या बागेतलं गवत प्लॅस्टिकचं वाटायला लागलं की समजा, रंग जास्त झाला. ‘कलर टेंपरेचर’ही पाहा. ‘कूल’वर घुमट निळसर दिसेल, ‘वॉर्म’वर आधी पिवळट वाटेल. लगेच बदलू नका. डोळे थोड्या वेळाने सरावतात आणि तोच घुमट पांढरा दिसू लागतो.

एक लक्षात आलं का? यातलं एकही बटण मकबऱ्यात खरं असं नवं काही घालू शकत नाही. जे आलंय ते लपू द्यायचं नाही आणि खोटं काही मिसळू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

आता तुमची पाळी. तुमच्या गावातलं काय निवडाल? देऊळ, धरण, किल्ल्याचा बुरूज, काहीही चालेल. अटी तीनच: त्यात लख्ख पांढरं हवं, गडद सावली हवी, आणि ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. सेटिंग्जचे आधीचे आकडे मात्र वहीत लिहून ठेवा. आणि घरात कुणी क्रिकेटचा सामना बघत असेल, तर रिमोटला हात लावू नका बरं!